आसवं आणि बांध

लूकच्या शुभवर्तमानातली जक्कयाची गोष्ट आमच्या ख्रिस्ती मंडळीत मुलांना सगळ्यात आधी शिकवतात, कारण तिच्यात झाड आहे आणि झाडावर चढलेला ठेंगणा जकातदार आहे. रविवारच्या शाळेत मीही ती हातवारे करून म्हटली आहे. त्या गोष्टीत काय नाही, हे मात्र चाळिशी उलटल्यावर माझ्या लक्षात आलं. तिच्यात आसवं नाहीत. जक्कय रडत नाही, ऊर बडवत नाही, गुडघे टेकत नाही. 'पश्चात्ताप' हा शब्दसुद्धा त्या दहा वचनांत कुठे येत नाही. तो उंबरावरून उतरतो तो आनंदाने, येशूला घरी नेतो आणि उभा राहून हिशेब सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि अन्यायाने कुणाचं काही घेतलं असेल तर ते चौपट परत. त्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण झालं आहे.

चौपट हा आकडा जक्कयाच्या तोंडी सहज आलेला नाही. मोशेच्या नियमशास्त्रात परतफेडीचे निरनिराळे दर आहेत. स्वतः होऊन कबुली दिली तर घेतलेलं पुरतं परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा, असं गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर एकाच्या जागी चार द्यायची, हे निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात. जक्कय स्वतः होऊन बोलत होता. पाचव्या हिश्शात त्याची सुटका झाली असती. त्याने चोराचा दर लावून घेतला. 'मी चोर आहे' हे त्याला वेगळं बोलावंच लागलं नाही. त्याच्या गावच्या, यरीहोच्या लोकांना तो आकडा ऐकून कळलं.

आमच्याकडे पश्चात्ताप म्हटलं की संजीवन सभा डोळ्यांपुढे येते. पिकं निघाल्यावर मोकळ्या रानात मांडव, बाहेरगावाहून आलेले वक्ते, पेटी आणि ढोलकी, तिसऱ्या रात्री 'ज्याला प्रभू बोलावतोय त्याने पुढे यावं' अशी हाक, आणि पुढे येऊन हमसून रडणारी माणसं. त्या रडण्याची कुणी हेटाळणी केली तर मला ते सहन होत नाही. माणसं खरोखर रडतात. वर्षभर दाबून ठेवलेली दारू, मारझोड, लबाडी, एकटेपण, सगळं त्या एका रात्री बाहेर येतं. केडगावच्या मुक्ती सदनात 1905 साली जे संजीवन झालं त्याच्या आठवणी आमच्या आज्यांपर्यंत पोचलेल्या होत्या. पण पंडिता रमाबाईंच्या त्या आवारात मुली रडल्या, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी अन्न शिजत होतं, विहिरी खणल्या जात होत्या, छापखाना चालत होता. आमच्या मांडवांनी त्यातलं रडणं तेवढं उचललं.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी अशाच एका सभेत माझे आजोबा रडले. मी दहा वर्षांची होते आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले होते. आजोबांनी बांध कोरला होता. शेतकऱ्याला यापुढे सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. दर वर्षी नांगरताना शेवटचं तास, म्हणजे नांगराची ओळ, बांधाला घासून घ्यायचं, चार बोटं. एका वर्षात काही दिसत नाही. पंधरा-वीस वर्षांत बांध दोन-तीन हात पलीकडे गेलेला असतो, आणि हद्दीचा दगड कधीतरी एका रात्रीत त्याच्या मागोमाग जातो. पलीकडचं रान एका विधवा बाईचं होतं. तीही आमच्याच मंडळीतली. आमचं घराणं पूर्वाश्रमीचं महार, तिचं मातंग. बाप्तिस्मा दोन्हीकडे आजोबांच्या आजोबांच्या काळातला. उपासनेला ती दाराजवळ बसायची. तिथे बस असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुढे ये असंही कुणी कधी म्हटलं नव्हतं.

सभेत आजोबांनी 'मी पापी आहे' म्हणून कबुली दिली आणि मांडवाने हालेलूया म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई आमच्या ओट्याखाली येऊन उभी राहिली. म्हणाली, "आण्णा, काल तुमी समद्यांसमोर कबूल केलं म्हनं. मंग दगड कवा हलवायचा?"

आजोबा म्हणाले, "त्ये माझ्या न् देवाच्या मधलं हाय, बाई."

ती गेली. मला आजोबा फार आवडायचे, अजून आवडतात. पण त्यांचं ते वाक्य आपल्या ख्रिस्ती जीवनातलं सगळ्यात धोकादायक वाक्य आहे, असं माझं मत आहे. पश्चात्तापाचा आपण जो अर्थ करून बसलो आहोत, त्यात ज्याचं नुकसान झालं तो माणूसच गायब असतो. पापी आहे, देव आहे, दोघांमध्ये आसवं आहेत आणि क्षमा आहे. ओट्याखाली उभी असलेली बाई त्या चित्रात कुठेच बसत नाही.

या वाक्याला शास्त्राचा आधारही दाखवला जातो: स्तोत्र 51. 'तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे.' राखेच्या बुधवारी, गुड फ्रायडेला आपण ते स्तोत्र म्हणतो आणि ते दाविदाच्या पश्चात्तापाचं स्तोत्र आहे असं त्याच्या मथळ्यातच लिहिलेलं आहे. त्या मथळ्यात नाथान संदेष्ट्याचं नाव आहे, बथशेबेचं आहे. उरीयाचं नाही. दावीद राजाने त्याची बायको बथशेबा बोलावून घेतली, मग त्याला युद्धात मरायला लावलं. आणि त्याला मारायचा हुकूम लिहिलेलं पत्र सेनापती यवाबाकडे न्यायला त्याच्याच हातात दिलं. हित्ती माणूस, परका, राजाच्या सैन्यातला इमानी शिपाई. आणि म्हणे 'तुझ्याविरुद्धच'.

स्तोत्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. पाप माणसाविरुद्ध असलं तरी शेवटी ते देवाच्या दारात जातं, हा त्याचा अर्थ आहे आणि तो खरा आहे. पण त्या ओळीवर थांबता येत नाही, कारण शास्त्रच तिथे थांबलेलं नाही. नाथान दाविदाला गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगतो तेव्हा दावीद संतापून निवाडा देतो: त्या माणसाने कोकरीबद्दल चौपट भरून द्यावं. पुन्हा तोच आकडा. दाविदाने तो तोंडाने उच्चारला. भरून द्यायला उरीया जिवंत नव्हता. आणि पुढे शेकडो वर्षांनी मत्तय येशूची वंशावळ लिहायला बसतो, तेव्हा पहिल्याच अध्यायात, सहाव्या वचनात लिहितो की दाविदाला शलमोन झाला तो उरीयाच्या बायकोपासून. बथशेबा असं साधं लिहिता आलं असतं. तिचं नाव गाळलं गेलं हे बाई म्हणून मला खटकतं. पण जे नाव स्तोत्राच्या मथळ्यात नव्हतं ते मत्तयाने तारणाऱ्याच्या वंशावळीत आणून बसवलं, आणि आता दर नाताळाला ते आपल्याला मोठ्याने वाचावं लागतं.

शब्दानेही आपली थोडी वाट चुकवली आहे. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप, जळणं. मराठीत हा शब्द आधीपासून होता आणि भाषांतरकारांनी तो घेतला, त्यात त्यांचा दोष नाही. पण नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेटानोइया' आहे: मन पालटणं, विचाराची दिशाच बदलणं. त्याच्या मागे संदेष्ट्यांचा इब्री शब्द 'शूव' उभा आहे, आणि त्याचा अर्थ सरळ 'मागे फिर' असा आहे. पायांचा शब्द आहे तो. योएल संदेष्टा म्हणतो, वस्त्रं नव्हे, हृदयं फाडा आणि देवाकडे वळा. आमच्या रानात तासाच्या टोकाला बैल वळतात ना, तसं वळणं. बैलाला वाईट वाटलं की नाही हे कुणी विचारत नाही; तो वळला की नाही हे पाहतात. लॅटिनमध्ये हाच शब्द 'प्रायश्चित्त करा' असा झाला आणि त्यातून पश्चिमेत वेगळाच व्यवहार सुरू झाला. मराठीत त्याचा ताप झाला. दोन्हीकडे वळणं निसटलं.

तुकोबांकडे पाहिलं तर या तापालाही आपण पुरता न्याय दिलेला नाही. अनुतापात चित्त न्हातं हेच प्रायश्चित्त, असं ते म्हणतात, आणि त्याच अभंगात अट घालतात की तो अनुताप आरंभापासून शेवटपर्यंत टिकून राहिला तर भला. तिसऱ्या रात्री आला आणि चौथ्या दिवशी मांडवाबरोबर निघून गेला, तो अनुताप तुकोबांच्याही हिशेबात बसत नाही.

बाप्तिस्मा करणारा योहान तर याहून रोखठोक आहे. पश्चात्तापाला शोभतील अशी फळं द्या, असं तो म्हणतो. लोक विचारतात, मग आम्ही काय करावं? तो एकेकाच्या धंद्यावर येतो. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायाने दमदाटी करून पैसे उकळू नयेत. ज्याचं पाप जिथे, त्याचं वळणं तिथे.

आता माझ्या ओळखीचे पाळक इथे मला अडवतील, आणि त्यांचा आक्षेप हलका नाही. तारण कृपेने आहे, कर्माने नाही. परतफेडीवर जोर दिला की क्षमा विकत घेण्याचा वास येतो, आणि नेमक्या त्याच वासाविरुद्ध जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर उभा राहिला होता. खरं आहे. 31 ऑक्टोबर 1517 ला विटेनबर्गमधून बाहेर पडलेल्या त्या 95 प्रबंधांचा विषयच क्षमापत्रांची विक्री हा होता. पण त्यातला पहिला प्रबंध सांगतो की येशूने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं अशी त्याची इच्छा होती. आणि तिसरा सांगतो की ज्या आतल्या पश्चात्तापातून बाहेर काहीच उमटत नाही तो पश्चात्तापच नव्हे. लूथरचं भांडण पैसे चर्चच्या पेटीत टाकून मोकळं होण्याशी होतं. त्या पैशाने ज्याचं लुबाडलं त्याच्या हाती काही पडत नव्हतं. आपण पेटी काढून टाकली, छान केलं. तिच्या जागी आसवं ठेवली. लुबाडलेला माणूस तेव्हाही बाहेर होता, आताही बाहेरच आहे.

कॅथलिकांकडे निदान कागदावर हे स्पष्ट आहे. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात त्या पापनिवेदनात खेद आणि कबुली यांच्यासोबत भरपाई हाही भाग आहे, आणि चोरलेलं परत करणं हे त्यात येतंच. पण वसईतली माझी एक मैत्रीण म्हणते की प्रत्यक्षात तीन 'नमो मरिया' म्हणून माणूस घरी जातो. तेव्हा या बाबतीत कुणीच कुणाकडे बोट दाखवण्यासारखी स्थिती नाही.

कृपा आधी आणि परतफेड मागाहून, हे मला मान्यच आहे. जक्कयाच्या घरी येशू आधी गेला. प्रश्न एवढाच आहे की मागाहून म्हणजे कधी. इंग्लंडचा जॉन न्यूटन माझ्या मनातून जात नाही. जगभर गायल्या जाणाऱ्या एका कृपेच्या गीताचा कर्ता म्हणून आपण त्याला ओळखतो. मार्च 1748 मध्ये अटलांटिकवरच्या वादळात जहाज बुडायला आलं, त्याने देवाचा धावा केला, आणि तो दिवस त्याने आयुष्यभर आपल्या परिवर्तनाचा दिवस म्हणून पाळला. साक्षीत आपण इथेच थांबतो. पण त्या परिवर्तनानंतर न्यूटन गुलामांच्या जहाजांवर गेला, कप्तान झाला, आफ्रिकेतून माणसं साखळदंडांत भरून नेली. रविवारी खलाशांसाठी तो उपासना चालवायचा. खाली तळघरात माणसं होती. 1754 मध्ये समुद्र सोडला तोही तब्येतीमुळे. 1764 मध्ये त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिलं ते 1788 मध्ये, वादळानंतर 40 वर्षांनी. ज्या धंद्याच्या आठवणीने आता काळीज थरथरतं त्यात एकेकाळी आपण स्वतः हात घातला होता, असं त्याने त्या पत्रिकेत लिहिलं, आणि ब्रिटिश संसदेपुढे जाऊन जहाजावर काय चालायचं याची साक्ष दिली. व्यापारावर बंदीचा कायदा मार्च 1807 मध्ये झाला. त्याच वर्षी डिसेंबरात तो वारला.

न्यूटनचा 1748 चा धावा ढोंगी होता असं मला वाटत नाही. तो खराच होता. म्हणूनच मला भीती वाटते. खरं रडूनही माणूस पुढची सहा वर्षं तेच काम करू शकतो, आणि त्याच्या मंडळीत त्याला कुणी विचारत नाही, कारण त्या काळात ते पाप आहे असं कुणाला वाटतच नसतं. माणूस रडतो ते दारूबद्दल, शिव्यांबद्दल, देवाला विसरल्याबद्दल. ज्या पापावर त्याचं घर चालतं, त्याबद्दल रडायला वेळ लागतो. 40 वर्षांनी का होईना, न्यूटनने जहाजांची नावं, माणसांची संख्या, जागेची मापं सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्याचा पश्चात्ताप दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडू लागला.

आता प्रश्न येतो की हे एकट्या माणसापुरतंच का? मंडळीने, चर्चने, संस्थेने पश्चात्ताप करायचा असतो का? 'माझ्या पणजोबाने केलं, मी का वाकू?' हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या घरात विचारला जातो. मला त्याचं उत्तर बांधावरच सापडलं. बांध आजोबांनी कोरला, पण त्या पट्ट्यातली ज्वारी मी खाल्ली आहे. माझ्या शाळेच्या फीमध्ये ती आहे. दोष माझा नसेल, पण पट्टा आमच्याकडे होता. जुन्या करारातला नहेम्या प्रार्थना करताना म्हणतो की मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने पाप केलं आहे. आणि त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात सावकारी करणाऱ्या आपल्याच भाऊबंदांना तो उभं करतो. धान्यासाठी गहाण घेतलेली शेतं, द्राक्षमळे, घरं आजच्या आज परत करा म्हणतो. उसनं देणाऱ्यांत मी आणि माझी माणसंही आहोत, हेही तो तिथेच सांगतो. मग याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावतो. कुणी रडल्याची नोंद त्या बैठकीत नाही.

चर्चच्या जाहीर माफीची अलीकडची दोन दृश्यं मला शेजारी शेजारी ठेवावीशी वाटतात. 10 सप्टेंबर 2019 ला इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी अमृतसरला जालियनवाला बागेत गेले आणि जमिनीवर पालथे पडले. 13 एप्रिल 1919 ला तिथे 1650 गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. सरकारी आकड्यानेच 379 माणसं मेली. सरकारच्या वतीने माफी मागायचा अधिकार मला नाही, पण मला स्वतःला लाज वाटते, असं ते म्हणाले. ते छायाचित्र पाहून मला रडू आलं होतं, आणि ते आजही खोटं वाटत नाही. पाच वर्षांनी, नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच वेल्बींना पद सोडावं लागलं. चर्चच्या शिबिरांशी संबंधित एका वकिलाने अनेक वर्षं मुलांवर आणि तरुणांवर क्रूर अत्याचार केले होते. 100 हून अधिक जण त्यात होरपळले. 2013 मध्ये ही माहिती वेल्बींपर्यंत आली तेव्हा त्यांना अधिक काही करता आलं असतं आणि करायला हवं होतं, असा स्वतंत्र चौकशीचा निष्कर्ष होता. तो वकील 2018 मध्ये खटला न चालताच मेला.

मी वेल्बींचा न्याय करायला बसलेली नाही. मला त्या दोन दृश्यांमध्ये आपली सगळ्यांची गोष्ट दिसते. शंभर वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्याच्या हातून झालेल्या पापासाठी लोटांगण घालता येतं. आपल्या टेबलावर आलेल्या फाइलीपुढे गुडघे वाकत नाहीत, कारण त्या फाइलीतला माणूस जिवंत आहे, तो काही मागणार आहे, आणि ते दिलं तर आपलं काहीतरी जाणार आहे.

भारतीय चर्चच्या टेबलावरची फाइल जातीची आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर आहेत. हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्धची लढाई मी माझी मानते. पण त्या लढाईत आपण काय सांगतो ते कान देऊन ऐकावं. न्यायालयात, आयोगापुढे आपण म्हणतो की धर्म बदलला तरी जात सुटत नाही, चर्चमध्येही भेदभाव होतो. आणि त्याच रविवारी व्यासपीठावरून गलतीकरांस पत्र वाचतो की ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही. सरकारपुढे दिलेली कबुली आपण आपल्याच माणसांपुढे दिलेली नाही. डिसेंबर 2016 मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर करताना चर्चमध्ये भेदभाव आहे हे लेखी मान्य केलं, ही मोठी गोष्ट होती. पहिला दलित कार्डिनल मात्र 2022 उजाडल्यावर झाला: हैदराबादचे अँथनी पूला. प्रॉटेस्टंटांनी तर 1833 मध्येच हा धडा पाहिला आहे. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना जात तात्काळ आणि कायमची सोडा असा आदेश दिला, तेव्हा तंजावरकडच्या कित्येक कुटुंबांनी जात ठेवली आणि मंडळी सोडली.

महाराष्ट्रात आपण म्हणतो, तो दक्षिणेचा प्रश्न, इकडे आपण सगळेच खालून आलेलो. म्हणूनच मी वर त्या बाईची आणि आमची पूर्वाश्रमीची जात लिहिली, आणि लिहिताना हात अडखळला. आपल्या मंडळ्यांत सोयरीक जुळवताना अजून 'कुणातले?' असं हळूच विचारतात. पंच कमिटीत वर्षानुवर्षं कुणाच्या घरची नावं येतात आणि कुणाच्या घरची येत नाहीत, हे प्रत्येक गावातल्या माणसाला तोंडपाठ असतं. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं त्यांनीच पुढे कुणाला तरी दाराजवळ बसवलं. हे कबूल करणं आपल्याला जड जातं, कारण आपण सोसलेलं खरं आहे. पण आपण सोसलं म्हणून तिने सोसलेलं कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट मला बोलायलाच हवी. आपल्याकडे पश्चात्ताप वरून खाली वाहतो. मुलगी पळून जाऊन लग्न करते, लग्नाआधी दिवस जातात, तर तिला प्रभुभोजनाच्या सहभागितेतून बंद करतात, मंडळीपुढे उभी करून कबुली घेतात, मग पुन्हा घेतात. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. ती मुलगी एकोणीस वर्षांची होती आणि तो मुलगा त्याच रविवारी मागे बसून होता. मंडळीची जमीन परस्पर विकणाऱ्याला, बायकोला मारणाऱ्याला, ठेवीचा हिशेब न देणाऱ्याला असं उभं केलेलं मी कधी पाहिलं नाही. ज्याच्याकडे परत करण्यासारखं काहीच नाही त्याच्याकडून आपण पश्चात्ताप घेतो, आणि ज्याच्याकडे पट्टा आहे त्याला प्रार्थना करायला बोलावतो. आणि मार खाल्लेल्या बाईला वर सांगतो, सत्तर वेळा सात वेळा क्षमा कर. क्षमा ही तिच्या हातातली गोष्ट आहे. ती मागण्याआधी काही करणं ही आपल्या हातातली.

मग काय करावं? योहानाला विचारलेला तोच प्रश्न. माझी सूचना साधी आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीजवळ दान आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तिथे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जा. आपल्याकडे प्रभुभोजनाच्या आधी सगळे मिळून पापांगीकार म्हणतात आणि लगेच भाकर फिरते. 'जा' या शब्दाला आपण वेळच ठेवलेला नाही. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात तरी, पापांगीकार एका रविवारी करावा आणि प्रभुभोजन पुढच्या रविवारी ठेवावं. मधला आठवडा जाण्यासाठी. कुणाकडे जायचं ते ज्याचं त्याला माहीत असतं. आणि कमिटीने, मंडळी म्हणून, त्याच आठवड्यात दफनभूमीची वही, जमिनीचे उतारे, सभासदांची यादी उघडून बसावं: कुणाला कुठे पुरलं, कुणाचं नाव कधी गाळलं, कुणाला कशासाठी बंद केलं. त्यातली ज्यांची माफी मागता येईल त्यांची घरी जाऊन मागावी. मांडवात नको.

यामुळे संजीवन सभा ओस पडतील असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. येशूचा शिष्य पेत्रही रडला होता, मनस्वी रडला होता. त्याने येशूला नाकारलं ते कोळशाच्या शेकोटीपाशी, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशू त्याला पुन्हा कोळशाच्या विस्तवापाशीच भेटतो आणि तीन नकारांच्या जागी तीनदा विचारतो. तिन्ही वेळा उत्तराला जोडून काम देतो: माझी मेंढरं पाळ. पेत्राची आसवं त्या विस्तवापर्यंत पोचली. आपलीही पोचावीत असं मला मनापासून वाटतं.

आजोबा गेल्यानंतर माझ्या वडिलांनी मोजणी मागवली. त्या सकाळला अकरा वर्षं होऊन गेली होती. दगड तीन हात अलीकडे आला. 'शेजाऱ्याची सीमा सरकवणारा शापित असो' हे बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातलं वचन वडिलांना पाठ होतं, पण त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. ती बाई त्याआधी चार वर्षांपूर्वीच वारली होती. तिचा मुलगा दगडापाशी आला, त्याने पायाने तो हलतो का ते पाहिलं आणि निघून गेला. त्या वर्षी त्याने पट्ट्यात ज्वारी पेरली. वडील आता ऐंशीला टेकले आहेत. पाचवा हिस्सा वर घालायचा राहिला आहे. तेवढ्या वर्षांच्या तीन हातांच्या पिकाचा पाचवा हिस्सा किती होतो, ते मी आणि माझा भाऊ सध्या मांडतो आहोत.